गाजराचं कूळ

भिंगबाईंना मूर्ख माणसं सहन होत नसत, आणि दैवाची थट्टा अशी की मूर्खांची पारख त्यांना फुलांइतकीच पक्की होती. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग कायम असे, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं होतं. फूल हातात दिलं की आधी पाकळ्या मोजायच्या, मग पुंकेसर, मग ते उभं चिरून अंडाशय पाकळ्यांच्या वर आहे की खाली ते बघायचं आणि मगच कुळाचं नाव तोंडातून काढायचं, हा त्यांचा शिरस्ता. एखाद्याने नुसता रंग बघून कूळ सांगितलं की त्या म्हणत, "तुम्ही चुकून इकडे आलात. रंगाऱ्यांचा वर्ग पलीकडे भरतो."

मात्र त्यांच्या तिरस्काराचं खास राखीव आसन होतं थोरल्या बहिणीच्या नवऱ्यासाठी. भावोजी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आणि चार निवृत्त लोकांसारखं निमूट वर्तमानपत्र वाचायचं सोडून त्यांनी निसर्गाचा पिच्छा पुरवला. कॅनव्हासची टोपी घेतली, खिसेच खिसे असलेलं जाकीट घेतलं आणि दर रविवारी कालव्याच्या काठाने फिरायला नेणारा एक गट काढला. त्याचं नाव 'ओळखा आणि खा'. खायचं काय, हे भावोजी ठरवणार.

"मी पुस्तकं वाचत नाही," ते अभिमानाने सांगत. "झाडासमोर उभा राहतो. झाड बोलतं माझ्याशी."

"झाडालाही दुसरं कुणी मिळत नसेल," भिंगबाई ताईपाशी म्हणाल्या होत्या. ताई हसली नव्हती. नवऱ्याची चेष्टा तिने आयुष्यभर स्वतः केली होती, पण ती दुसऱ्याने केलेली तिला खपत नसे.

ताईच्याच आग्रहामुळे भिंगबाई एका रविवारी त्या गटाबरोबर गेल्या. गुडघे कुरकुरत असूनही उत्साह न मावणारी वीसेक माणसं जमली होती, आणि प्रत्येकाच्या हातात पिशवी. सुरुवातीलाच भावोजींनी एक पिवळं रानफूल खुडलं आणि म्हणाले, "बघा, एक फूल आणि पाकळ्या किती!"

भिंगबाईंना राहवलं नाही. "भावोजी, ते एक फूल नाही. सूर्यफुलाचं कूळ आहे हे. तुम्ही जिला पाकळी म्हणताय ना, ते एक अख्खं फूल आहे. आणि मधल्या चकतीतला प्रत्येक ठिपका म्हणजेही एक फूल. ही सगळी वस्ती आहे."

भावोजींनी फूल डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं आणि गटाकडे वळून म्हणाले, "आमच्या मेहुणीबाईंना फुलातसुद्धा गर्दी दिसते! एकट्या राहतात ना, सोबत लागते."

गट खदखदून हसला. एका काकूंनी तर डोळे पुसले. भिंगबाईंनी भिंग ब्लाउजच्या आत टाकलं आणि ठरवलं की आता या गाढवांपुढे गीता वाचायची नाही.

कालव्याच्या वळणावर, ओलीत, छातीभर उंचीची झुडपं माजली होती. बारीक चिरलेली, नाजूक पानं. शेंड्यावर पांढऱ्या फुलांच्या छत्र्या: एका टोकातून फुटलेल्या काड्या आणि प्रत्येक काडीवर पुन्हा एक इवलीशी छत्री. भावोजींचा चेहरा उजळला.

"छत्री दिसली की गाजराचं कूळ! हे रानगाजर. धने, जिरे, बडीशेप, सगळी याचीच भावंडं. काय मेहुणीबाई, बरोबर की नाही?"

भिंगबाई पुढे झाल्या. खोड गुळगुळीत, एक लव नाही आणि त्यावर जांभळट डाग शिंतोडे उडाल्यासारखे. रानगाजराचं खोड केसाळ असतं. त्यांनी पान चुरगळून हुंगलं. उंदराच्या बिळासारखा कुबट वास. हेमलॉक, जहाल विष.

"कूळ बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

बस्स. पुढचं कुणी ऐकलंच नाही. टाळ्या पडल्या. भावोजींनी टोपी काढून मान लववली. "ऐका! प्रोफेसरबाईंनी मान्य केलं! आयुष्यात पहिल्यांदा!"

त्या टाळ्या भिंगबाईंच्या डोक्यात गेल्या. आवाज चढवून त्या म्हणाल्या, "खा की मग, पोटभर खा. या कुळात काही मंडळी अशी आहेत की एकदा जेवलात तर पुन्हा स्वयंपाकाची कटकट उरत नाही."

पुन्हा हशा. काकूंनी पुन्हा डोळे पुसले. भावोजी खुरप्याने मुळं उकरायला बसलेही. सांगायचं ते आपण सांगितलं, आता ज्याचं त्याने बघावं, असं मनाशी म्हणत भिंगबाई पाठ फिरवून तरातरा घरी निघून गेल्या.

दुपारी ताईचा फोन आला. "अगं, ह्यांच्या पायातलं बळच गेलंय. खुर्चीवरून उठता येत नाही. बोलतायत नीट, पण हात जड झाले म्हणतात."

"काय खाल्लं?"

"ती मुळं उकडून. मी नाही खाल्ली, मला गाजर कुठे आवडतं?"

"अँब्युलन्स बोलव. आत्ता. ती मुळं कुणी कुणी नेली? तू गाडीत बसल्याबसल्या एकेकाला फोन लाव आणि फेकून द्या म्हणून सांग."

त्या स्वतः कालव्यावर पळत गेल्या, मुळासकट एक झुडूप उपटलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून हॉस्पिटलात पोचल्या. तातडीच्या विभागातली डॉक्टर तरुण होती. तिला त्यांनी खोडावरचे डाग दाखवले आणि एका दमात सांगितलं, कुठलाही अलंकार न वापरता: "हे हेमलॉक आहे. पायापासून लुळेपण वर चढतं. शुद्ध जात नाही. श्वासाचे स्नायू थांबले की माणूस जातो."

डॉक्टरने उलट प्रश्न विचारला नाही. संध्याकाळी भावोजींना श्वासाच्या यंत्रावर घेतलं. डोळे उघडे होते, सगळं कळत होतं आणि बोलता मात्र येत नव्हतं. लग्न झाल्यापासून ते पहिल्यांदाच इतका वेळ गप्प होते, असा विचार भिंगबाईंच्या मनात आला, आणि त्यांना स्वतःचीच किळस वाटली.

बाहेर बाकावर ताई फोन हातात धरून बसली होती. मुळं सगळ्यांनी फेकली होती. फक्त काकू हटून बसल्या होत्या: "पण सरांनी तर खायला सांगितलंय." मग त्यांच्या सुनेने पातेलं ओतून दिलं.

"तुला तिथेच कळलं होतं?" ताईने विचारलं.

"मी सांगितलं की."

"काय सांगितलंस?"

भिंगबाईंनी ते वाक्य पुन्हा म्हटलं. स्वयंपाकाची कटकट वगैरे. हॉस्पिटलच्या त्या बोळात ते वाक्य फार हुशार वाटलं नाही.

"हे सांगणं झालं?" ताई म्हणाली. "हा टोमणा झाला. विष आहे, खाऊ नका, एवढे चार शब्द तुझ्या तोंडून निघाले नाहीत. ते मूर्ख आहेत, हे मला नव्याने कळायचं नव्हतं. पण तू तर शहाणी ना गं?"

ताई उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

भावोजी वाचले. यंत्र निघालं, घसा मोकळा झाला आणि भेटायला आलेल्यांना ते क्षीण आवाजात सांगू लागले, "कूळ मी अचूक ओळखलं होतं. प्रोफेसरबाई साक्षीला आहेत." भिंगबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. त्या दात आवळून बाहेरच्या पार्किंगकडे बघत राहिल्या.

पुढच्या रविवारी त्या कुणी न बोलावता कालव्यावर गेल्या. गट आला होता, बिचकलेला. त्यांनी सगळ्यांना झुडपासमोर उभं केलं, खोडावरचे डाग दाखवले, प्रत्येकाला पान हुंगायला लावलं आणि हात धुवायला पाणी दिलं. "कूळ कळलं म्हणजे आडनाव कळलं. आडनावावरून माणूस घरात घेता का तुम्ही? ही वनस्पती मारते. हिच्यासारखं दिसणारं काहीही खायचं नाही."

काकूंनी हात वर केला. "मॅडम, मग घरातले धने-जिरे पण टाकून देऊ का?"

भिंगबाईंच्या जिभेवर एक वाक्य आलं. अस्सल, धारदार, वर्गात टाळी घेणारं. ते त्यांनी गिळलं, आणि त्याची चव त्यांना मुळीच आवडली नाही.

"नका टाकू, काकू," त्या म्हणाल्या. "दुकानातले आहेत, चालतील."

काकूंनी मान डोलावली आणि शेजारणीला विचारलं, "काय म्हणाल्या?"

भिंगबाईंनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.