ओठांतल्या टाचण्या

घराच्या पुढच्या खोलीत सासू-सुनेचं शिवणकाम चाले. त्या सकाळी सून गुडघ्यांवर बसून, ओठांत टाचण्या धरून, नवरीच्या पांढऱ्या गाऊनचं फिटिंग करत होती. कमरेशी कापड जुळेना. तिने टेप पुन्हा फिरवली आणि थबकली. नवरीने मान खाली घातली, डोळे काठोकाठ भरलेले. कोपऱ्यात काजं करत बसलेल्या सासूला काही सांगावं लागलं नाही. लेकरं तिनेही जन्माला घातली होती.

सासूला धास्ती वाटली ती मात्र सुनेची. नवरीची आई म्हणजे चर्चमधल्या गायनमंडळाच्या बाई. सुनेचं बाळ दिवस भरायच्या आधी झालं, दवाखान्यात काचेच्या पेटीत जगण्यासाठी झगडत होतं, तेव्हा याच बाईंनी चारचौघींत बोटांवर महिने मोजून दाखवले होते. आता उट्टं काढायची संधी आपल्या पायांनी घरी चालून आलेली. एक शब्द बाहेर पडायचा अवकाश, पोरीची अब्रू वेशीवर टांगली जाणार.

नवरी गेली न गेली तोच पाववाली मावशी शिवायचा पडदा घेऊन दारात हजर.

"काय गं, खिडकीतून दिसलं, माप परत घेतलंस नवरीचं? बारीक झाली की..." मावशीने डोळा बारीक केला.

सुनेने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या. सासूचा जीव टांगणीला.

"मावशी, ज्याचं माप त्याच्यापाशी. तुमचं तरी मी कुणाला सांगते का?"

मावशीने झटकन पोट आत ओढलं. पडदा तिथेच विसरून ती निघाली. सासूचा ऊर अभिमानाने असा फुलला की हातातली सुई कुठे ठेवली तेच तिला आठवेना.

दुपारी ती चहा घेऊन आली तर बाळ पाळण्यात गाढ झोपलेलं, आणि सून गाऊनची नुकतीच घातलेली शिवण उसवत बसलेली.

"अगं, चांगली शिवण कशाला उसवतेस?"

"चांगली कुठली, आई! मुद्दाम घट्ट घातली होती. आतली माया, ते जास्तीचं कापड, तेही कापणार होते, म्हणजे मागाहून सैलच करता आलं नसतं. भर वेदीपुढे टर्रकन उसवू दे, त्या बाईंनाही कळू दे, असं वाटलं." तिने एक टाका खसकन ओढला. "मघाशी तुम्ही माझ्याकडे कौतुकाने बघत होतात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड आवरलं, पण आत सगळं खदखदत होतं. बाळाला पाजताना प्रभूला म्हटलं, ओठांचं मी बघते, आतलं तूच धू बाबा."

सासूने सुनेच्या हातात चहा दिला, गाऊनचं दुसरं टोक मांडीवर ओढलं आणि दोरे काढू लागली. दोघींनी बाजू सैल केल्या, पुढे नाजूक चुण्या घातल्या. बघणाऱ्याला फॅशनच वाटावी.

लग्नात नवरी मोकळा श्वास घेत, ताठ मानेने वेदीपर्यंत चालत गेली. बाहेर पडताना गायनमंडळाच्या बाई सासूपाशी आल्या.

"तुमच्या सुनेच्या हातात जादू आहे हो!"

"हातातच कशाला, तिच्या तर..."

सासू गप्पकन थांबली. सुनेने काय केलं ते साऱ्या मंडळीला ओरडून सांगावं, अशी उकळी फुटत होती. पण सांगायला जावं तर नवरीचंच झाकलेलं उघडं पडायचं. तिने ओठ मिटले, जणू टाचण्याच धरल्यात. पलीकडे बाळाला कडेवर घेतलेली सून सगळं ओळखून हसत होती.

"माझी सून आहे ती," सासू एवढंच म्हणाली. पण म्हणाली अशी, की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.