ताण न घेतलेली झाडं

माझ्या आईला, केसरबाईला, नसत्या चौकशीची भारी खोड. रामाकोन्याच्या आमच्या शेतात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वाळल्या पऱ्हाट्यांचा, कापसाच्या काड्यांचा, ढीग होता. भर मे महिन्यात तो उचलला, तर खालची माती ओली!

"अवो, हे ओल आली कोठून?" ती बाबांच्या मागे लागली. बाबांनी कानाआड केलं.

पुढच्या वर्षी, सत्त्याऐंशीत, लोक होळीनंतर पऱ्हाट्या जाळायला निघाले, तर आईनं त्या मागून आणल्या. तोडून, पाला मिसळून, आमच्या साठही संत्र्याच्या झाडांखाली पसरल्या. बाबांचा बगीचा म्हणजे सारवलेलं अंगण. काडी दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. चार दिवस अबोला झाला आणि आई जिंकली.

पण मृग बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडावं लागतं. झाड तहानेनं मलूल झालं की मग पावसाच्या पाण्यावर फुलतं. याला आमच्याकडे ताण देणं म्हणतात. झाडं सात वर्षांची, पहिला भरघोस बहार यायचा होता. आणि पऱ्हाट्यांखाली ओल टिकल्यानं आमची झाडं मलूल होईनातच! हे आधी आईच्याही ध्यानात आलं नव्हतं.

शेजारचे भगवंतराव धुऱ्यावरून हसले, "कवडू, तुया झाडाईले तहानच लागून नाही राहिली बे! फुलतीन कसे?"

बाबांना ते झोंबलं. त्याच दुपारी त्यांनी तीस झाडांखालचा कचरा ओढून पेटवून दिला. आई रागानं रडली आणि रडत रडतच उरलेल्या झाडांपुढे उभी राहिली. "याईले हात लावू देणार नाई मी."

उघडी झाडं आठवड्यात मलूल झाली. बाबा खुशीत जामसांवलीच्या देवळात नारळ फोडून आले. मग जून कोरडा गेला, अर्धा जुलैही. विहिरीचा तळ दिसू लागला. ताण तोडून झाडं जगवायला पाणी आणायचं कुठून? उघड्यांपैकी एकोणीस झाडं वाळून मेली. बाबांनी बगीच्यात जाणंच सोडलं. मला त्यांची दया यायची आणि रागही.

एका सकाळी आई झाकलेल्या झाडाखालच्या पाल्यात हात घालून बसली होती. बाबा तिच्याजवळ बसले. त्यांनीही हात घातला. बोटांना ओली माती लागली.

"एकही फूल नाई यंदा," आई घाबरत म्हणाली.

"झाड हाये ना," बाबा म्हणाले.

उघड्यांपैकी अकरा अजून जिवंत होती. बाबांनी विहिरीच्या तळचं पाणी एकेक बादली त्यांना घातलं. झाकायला मात्र काडीही उरली नव्हती. तेव्हा ते गोठ्यावर चढले आणि छपराचं गवत ओढून खाली फेकू लागले.

भगवंतराव ओरडले, "कवडू, काय करून राहिला? पानी आलं तं बैलं भिजतीन ना!"

"भिजू दे," बाबा वरून म्हणाले. "केसर, पसरव तू."