तोंडावरचा हात

लातूरच्या डॉक्टरांनी तनुजाच्या घशात नळी घालून पाहिलं आणि आत काहीच नाही असं सांगितलं.

"काहीच नाही तर मग भाकरी का उतरत नाही?" मी विचारलं.

"आजी, मनाचं दुखणं आहे. त्यांना आनंदी ठेवा."

चार महिन्यांपूर्वी जिचा नवरा गेला तिला आनंदी कसं ठेवायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. गोळ्या लिहून दिल्या. बसमधून उदगीरला परत येताना ती खिडकीशी बसली होती आणि मी तिच्या दंडाकडे पाहत होते. लग्नात शिवलेल्या ब्लाऊजची बाही आता तिथे नुसती लोंबत होती.

तनुजा माझी सून. माझा एकुलता एक मुलगा नथनेल एका सकाळी शाळेत जायला निघाला, बूट घालायला वाकला आणि तसाच कलंडला. अडतीस वर्षांचा होता. त्यांना मूल नव्हतं. घरात राहिलो आम्ही दोघी. तेव्हापासून तनुजा पातळ वरण, चहा आणि चहात बुडवलेलं बिस्कीट यांवर जगत होती. घास तोंडात घेतला की म्हणायची, "आत्याबाई, हितं अडकून राहिलंय," आणि गळ्यावर बोट ठेवायची. बाकी बोलणं म्हणजे होकाराचं हाव, न्हाई, आणि ठेवलंय. नथूचं नाव तिच्या तोंडून एकदाही आलं नाही.

मी प्रार्थना करत होते. सत्तरी ओलांडली मी, आणि आयुष्यात प्रार्थनेत कधी चुकले नाही. पण खरं सांगायचं तर तिसऱ्या महिन्यापासून माझी प्रार्थना म्हणजे वीज मंडळाच्या खिडकीवरची तक्रार झाली होती. रोज जायचं, तेच सांगायचं, आणि परत यायचं. आत कुणी बसलंय का, तेही दिसत नव्हतं.

लातूरहून आलो त्याच संध्याकाळी तिच्या भावाचा, बालाजीचा, किनवटहून फोन आला. "मावशी, शनवारी मी येऊन राहिलो तिला न्यायला. तिकडं काय फरक पडना. राहू द्या मग इकडंच, कायमची."

मी तिला विचारलं, "जाशील?"

"हाव."

चहा घेशील का विचारल्यावर म्हणायची, तसंच म्हणाली. मला जाण्याचा राग नव्हता. माहेर आहे तिचं. पण ती अशीच, गळ्यात गाठ घेऊन तिकडे गेली तर पुढच्या वर्षी मला किनवटला मातीलाच जावं लागेल, हे मला दिसत होतं. आणि हातात होते फक्त दोन दिवस.

गुरुवारी आमच्याकडे प्रार्थना सभा होती. दहाबारा बायका आणि आमच्या चर्चचे पाळकसाहेब. पाळकसाहेब तरुण आहेत, मनाने चांगले आहेत, आजारी माणसाकडे उन्हातान्हात मोटारसायकलवर जातात. शेवटच्या गीतानंतर ते म्हणाले, "तनुजाताई, शनिवारी तुम्ही निघताय असं कळलं. एक दिवस थांबा ना. रविवारी मंडळीत साक्ष द्या."

साक्ष म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाला नोकरी लागलेली असते.

"चारच वाक्यं," पाळकसाहेब म्हणाले. "या दुःखात प्रभूनं कशी शांती दिली, जगायला कसा हेतू दिला. तुमच्यासारख्या तरुण बहिणींना उत्तेजन मिळेल."

तनुजा खाली बघत म्हणाली, "मला न्हाई मिळाली शांती."

कुणाच्या तरी हातातली बशी वाजली.

"मिळेल, ताई. आधी विश्वासानं म्हणायचं, मग मिळते."

बायका म्हणाल्या, "आमेन." मला इतका संताप आला की मी चहाचं भांडं उचलून सरळ आत गेले. संताप त्यांचा नव्हता. ते वाक्य माझं होतं. तेच, तसंच, मी आयुष्यभर बायकांना ऐकवत आले होते.

सगळे गेल्यावर गुरम्मा तेवढी उरली. गुरम्मा आमची शेजारीण, लिंगायत, बाजारात तिचं डाळींचं दुकान आहे. सभा असली की उंबऱ्यात येऊन बसते, गीतं ऐकते, चहा पिते, आणि प्रार्थना लांबली की मोठ्याने जांभई देते. चाळीस वर्षांचा शेजार, तिला कोण बोलणार?

"सिंधुबाई," ती म्हणाली, "तुमच्यात रडायला बी परवानगी लागती काय गं?"

"काहीतरी बोलू नकोस."

"आमच्यात बसवून पुरतेत, तुमच्यात निजवून. तेवढा फरक मला कळतो. पण माणूस गेल्यावर बाईनं रडायचं का न्हाई, ह्यात कसला फरक? त्या दिवशी पोरीनं तोंड उघडली. तू हात ठेवलीस तोंडावर. मी दारातनं बघत होते की. तवापासनं बंदच हाय ते. आन तू लातूरला नळी घालायला नेतीस!"

ती गेली. मी भांडी घासायला बसले आणि तशीच बसून राहिले.

गुरम्मा म्हणाली ते खरं होतं, आणि ते एका दिवसाचं नव्हतं. एकाहत्तर साली लग्न होऊन मी उदगीरला आले, अठरा वर्षांची. मिशनच्या बाई आम्हा नव्या सुनांना जमवून शिकवायच्या. त्यांनी सांगितलं, हेल काढून, ऊर बडवून रडणं हे आशा नसलेल्या लोकांचं काम. आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे, आपण गीत गायचं. माझा आवाज खणखणीत होता. मग कुणाच्या घरी मयत झाली आणि बायका रडायला लागल्या की कुणीतरी पळत यायचं, "सिंधुबाईला बोलवा!" मी जायची. जी सगळ्यात मोठ्याने रडत असेल तिच्या शेजारी बसायची, तिच्या तोंडावर अलगद तळवा ठेवायची आणि गीत सुरू करायची. दुसऱ्या कडव्यापर्यंत घर शांत व्हायचं. मला त्याचा अभिमान होता.

माझ्या सासूबाईंनाही मी असंच गप्प केलं. धोंडाबाई त्यांचं नाव, खेड्यातल्या, अडाणी. सासरे गेले तेव्हा त्या अंगणात बसून सासऱ्यांचं नाव घेऊन रडत होत्या. नवऱ्याचं नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं असेल. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. त्यानंतर नऊ वर्षं जगल्या, ते नाव पुन्हा कधी घेतलं नाही. मी मंडळीत सांगायची, बघा, माझ्या सासूला केवढी शांती मिळाली.

आणि नथू गेला त्या दिवशी तनुजाच्या तोंडून पहिला आवाज निघाला. किनवटकडच्या बायकांचा तो लांब, वर चढत जाणारा हेल. माझं लेकरू समोर पडलेलं. माझे डोळे कोरडे. आणि माझा हात आपोआप उठला, पन्नास वर्षं उठत होता तसाच. मी गीत सुरू केलं. बायका म्हणाल्या, केवढा विश्वास या माउलीचा! मला ते ऐकून बरं वाटलं होतं. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं होतं.

शुक्रवारी सकाळी तनुजा तांदूळ निवडत होती. मी समोर बसले आणि म्हटलं, "तनुजा, तू रड. मोकळी रड. मी काही म्हणणार नाही."

तिने सुपातून नजर वर केली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत काहीतरी दिसलं, आणि तो राग होता.

"हुकूम देऊन राहिलात? तवा म्हणालात गप, मी गप बसले. आता म्हणता रड. नळ हाय का मी?"

मग पुन्हा तांदूळ. मला वाईट वाटलं आणि चीडही आली. एवढं कमीपण घेऊन मी तिच्यासमोर बसले होते, आणि तिने मला सुपातल्या खड्यासारखं बाजूला काढलं. मी आत जाऊन शास्त्र, आमचं बायबल, उघडलं. मित्राच्या थडग्यापाशी प्रभू उभा आहे तो अध्याय. त्यातलं ते अगदी छोटं वचन मी रविवारच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. पोरांना फार आवडायचं, कारण पाठ करायला सोपं. वचन म्हणा म्हटलं की आळशी पोरं तेच म्हणायची आणि बसायची. मीही हसायची. त्या सकाळी मी ते पहिल्यांदा वाचलं म्हणायला हरकत नाही. मेलेला मित्र आता घटकाभरात आपल्याच हाकेने जिवंत उठणार, हे प्रभूला ठाऊक होतं. त्याच्याएवढी आशा कुणाला होती? तरी तो रडला. वचन तेवढंच. आणि त्याच्या तोंडावर कुणी हात ठेवला नाही.

"मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस?" मी मोठ्याने म्हणाले. प्रार्थना म्हणून नाही, भांडण म्हणून. "माझ्या डोळ्यांसमोर होतं ना? सासूच्या वेळी सांगायचं होतंस. पोराच्या वेळी तरी."

 तक्रारीच्या त्या खिडकीच्या आत कुणीतरी बसलंय, असं खूप दिवसांनी वाटलं.

दुपारी मी गुरम्माच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले आणि विचारलं, "रडतात कसं गं?"

ती तराजू धरून बघतच राहिली. "अय्यव्वा! म्हातारी झालीस की."

"हसू नकोस. मला गीतं दोनशे येतात. हे येत नाही."

गुरम्माने तराजू खाली ठेवला. "शिकायचं असतंय व्हय ते? आधी नाव घ्यायचं. मग जे आठवल ते सांगायचं त्याला. काय खायचा, कसा चिडायचा, कुठं चुकला. समोर बसलाय असं समजून. सूर मग येतोय आपोआप." मग म्हणाली, "आन देवाला बी दोन शिव्या घालायच्या. आमच्यात घालतेत. तुमच्यात चालत नसतील तर तेवढ्या सोड."

शनिवारी सकाळी तनुजाची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. बालाजीची गाडी दुपारपर्यंत यायची होती. ती भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यासमोर बसले नाही. जरा बाजूला, नथू बूट घालायला बसायचा त्या जागी बसले. तोंड उघडलं, आणि आवाजच निघेना. खणखणीत आवाजाची सिंधुबाई! खूप वेळाने निघाला तो एखाद्या गंजलेल्या कडीसारखा.

"नथू," मी म्हटलं. "नथू रे. मला न सांगता गेलास. लहानपणी अंगणात जाताना पण सांगून जायचास."

तनुजाने मान वळवली नाही.

"तापात माझा पदर सोडला नाहीस तू. रविवारी मंडळीत झोपायचास. खोटं बोललास की कान लाल व्हायचे." मला सूर सापडत नव्हता, मी नुसती बोलत होते, आणि ते फार वेडगळ वाटत होतं. तरी थांबले नाही. "मेथीची भाजी खाल्ली नाहीस कधी. ताट सरकवायचास—"

"खात होते."

मी वळून बघितलं.

"माझ्या हातची खात होते," तनुजा म्हणाली. "शेंगदाण्याचं कूट घालून. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून तुमच्यासमोर न्हाई खायचे. डब्यात नेत होते."

"मला कधी सांगितलं नाही."

"त्यायनं सांगू नको म्हणले होते!" ती ओरडली. आणि मग तिच्या तोंडून त्याचं नाव निघालं, पूर्ण नाव, नथनेल, आणि त्याच्यामागून तो हेल आला. त्या दिवशी अर्ध्यावर राहिलेला. तिने दोन्ही हातांनी जमीन धरली. माझा उजवा हात उठला. खोटं कशाला सांगू, उठला. मी तो डाव्या हाताने धरून मांडीवर दाबून ठेवला. मग मीही रडले. कसं ते सांगता येणार नाही, सूर नव्हताच. गुरम्मा दारात आली, बघितलं, आत येऊन बसली आणि आमच्याबरोबर रडायला लागली. तिच्याही घरातले गेलेले होतेच की.

किती वेळ गेला ठाऊक नाही. दारात बालाजी उभा होता, हातात मोसंब्यांची पिशवी, चेहरा पांढराफटक.

"आता कोण गेलं?" तो म्हणाला.

"कुणी न्हाई रे बाबा," गुरम्मा नाक पुसत म्हणाली. "जुनंच हाय. बस."

तनुजाचा आवाज पार बसला होता. ती तांब्याभर पाणी एका दमात प्यायली. मी भात वाढला. तिने घास घेतला, दोनदा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तो घास खाली गेला. दुसऱ्या घासाला तिने ताट बाजूला ठेवलं. एवढंच. मी तिच्या गळ्याकडे बघत बसले होते, ते तिला आवडलं नाही.

"बघू नका तसं. मी काय बरी न्हाई झाले. आन उद्या साक्ष देणार न्हाई मी."

"नको देऊस. पाळकसाहेबांना मी सांगते."

"तुम्ही बी नका देऊ. सुनेला बरं वाटलं म्हणून उभ्या राहाल."

"नाही राहणार."

बालाजीने दाराशी ठेवलेली पिशवी उचलली. "ताई, निघायचं ना? गाडीवाला थांबलाय. उशीर झाला तर मग अंधार होतो रस्त्यात."

तनुजाने पदराने तोंड पुसलं. भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत कालचाच राग होता.

"तू जा," ती त्याला म्हणाली. "मी मागून येतेय, आठ दिसानं. न्हाई तर पंधरा."

"काहून? काल तर हाव म्हणाली ना."

"मला ह्यांच्याशी भांडायचंय," माझ्याकडे हात करत ती म्हणाली. "चार महिन्यांचं हाय. तिकडं किनवटला बसून कोणासंग भांडू?"

बालाजी माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्या हातातून पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली. बाहेर आले तर ती माझी वाट पाहत होती.

"बसा," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही हात ठेवला तवा मी काय म्हणणार होते, ते आधी ऐका."

मी बसले.