शालीखालचे सात क्लिक

गुरुवारी दुपारी चंपाकाकूंच्या दहा बाय बाराच्या खोलीत चौदा माणसं होती. दाराबाहेर चपलांचे तेरा जोड. चौदावा माणूस खडावा घालूनच आत आला होता. टेबलावर कॉम्प्युटर एक, त्याच्यासमोर लिंबं पाच, तांब्याचा गडू एक. मी उघडून पाहिलेल्या वेबसाइट चार, आणि चारही ठिकाणी तोच लाल त्रिकोण: तुमचं कनेक्शन खाजगी नाही.

"खाजगी नाही," खडावांवरचे कोंडीरामबुवा डोळे मिटून काकूंना म्हणाले. "यंत्र स्वतः सांगतंय, माई. या खोलीत तुमच्या-माझ्याशिवाय आणखी कोणीतरी आहे."

लालबागच्या चाळीत आणखी कोणीतरी नेहमीच असतं. त्या दिवशी तर बारा जण होते. पण हसलं कोणी नाही.

बुवांनी भगवी शाल स्क्रीनसकट स्वतःच्या डोक्यावर ओढून घेतली. "कार्य चालू असताना पाहू नये. दृष्टी जाते." आतून "ॐ सर्व्हराय नमः, ॐ वायफायाय नमः" असा गजर सुरू झाला. गजराच्या मधेमधे माउस वाजत होता. मी मोजलं. सात क्लिक.

शाल निघाली. चारही वेबसाइट उघडल्या. शेजारच्या रखमामावशींनी तिथल्या तिथे बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

मी समोरच्या खोलीतली अपेक्षा. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आहे, काही अजब घडलं की आधीचं आणि नंतरचं ताडून बघते. इथे एकच गोष्ट बदलली होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात शालीआधी १ जानेवारी २०१५ होती, शालीनंतर आजची तारीख. लाल त्रिकोणाखाली बारीक अक्षरांत कारणही तारखेचंच लिहिलेलं होतं. वाचायला कोणी वाकलं नव्हतं.

बुवा दोन अटी घालून गेले. अकरा दिवस कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही. आणि मनालीनं यंत्राला शिवायचं नाही. "दोष मुलीच्या हातात आहे, माई. तिच्या शिक्षणाला वरूनच नकार आहे."

मनाली काकूंची मुलगी, वय अठरा. नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायला तिच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत वेळ होता.

शुक्रवारी सकाळी लाल त्रिकोण परत आला. काकूंनी मनालीचे दाखले कपाटात कोंडले आणि किल्ली कमरेला खोचली. "ताई, मी हात नाही लावला गं," मनाली मला म्हणाली. बोलताना ती स्वतःच्याच तळव्यांकडे संशयानं बघत होती. तोवर मला बुवांची गंमत वाटत होती. त्यानंतर वाटली नाही.

"काकू, झोपताना बटण बंद केलंत?"

काकू ओशाळल्या. "सवयीन हात गेलो गो."

बाजूच्या चाळीत शॉर्टसर्किटनं दोन खोल्या जळाल्यापासून आमची अख्खी चाळ भिंतीवरची बटणं बंद करून झोपते. सवय चांगलीच आहे. बुवांनी नेमकी तीच मोडायला सांगितली होती, म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं.

तीन वाजता बुवा पुन्हा हजर झाले, शालीसकट.

"आज शाल न घेता करा," मी म्हणाले.

"पोरी, विज्ञान जिथे संपतं..."

"तिथे तुमचा माउस सुरू होतो. काल सात वेळा वाजला."

"नास्तिकासमोर शक्ती प्रकट होत नाही."

"मी बाहेर थांबते. काकू बघतील. त्यांचा तर विश्वास आहे तुमच्यावर."

काकू खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसल्या. बुवांना एकाएकी दादरची एक पूजा आठवली. जिना चढताना खडावा संथ वाजल्या होत्या. उतरताना तशा वाजल्या नाहीत.

"गेले? आता कोण करणार?" रखमामावशी म्हणाल्या.

"काकूच करतील."

मनालीला मी गॅलरीत उभं केलं. काकूंना कोपऱ्यातली तारीख दाखवली, ती कुठून बदलायची ते सांगितलं. त्यांना अकरा क्लिक लागले. बुवांचा सराव दांडगा. त्रिकोण गेला. मग त्यांनाच बटण बंद करून पुन्हा चालू करायला लावलं. १ जानेवारी २०१५. त्रिकोण हजर. मनाली अजून गॅलरीतच होती.

"म्हणजे माझ्या हातानं बिघडतं?" काकूंनी विचारलं.

"कोणाच्याच नाही. आत नाण्याएवढा सेल असतो. वीज नसताना तो तारीख सांभाळतो. तो संपलाय. प्रत्येक वेबसाइटकडे ओळखपत्र असतं, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचं. या कॉम्प्युटरला वाटतं २०१५ चाललंय, म्हणून आजची ओळखपत्रं त्याला खोटी दिसतात आणि तो दारात अडवतो. राखणदार प्रामाणिक आहे, कॅलेंडर जुनं आहे."

"मग तो त्रिकोण दिसला तरी पुढे जायचं?" मावशींनी विचारलं.

"मुळीच नाही. आधी तारीख बघायची. ती बरोबर असूनही त्रिकोण आला, तर तिथे आपली काही माहिती भरायची नाही. आणि मावशी, बिघाड झाला की कारण शोधायचं. सापडलं नाही तर 'माहीत नाही' म्हणायचं. घरातली मुलगी पकडायची नाही."

काकूंनी कमरेची किल्ली सोडवली. "ये गो आत," त्या गॅलरीकडे बघून म्हणाल्या.

गल्लीतल्या घड्याळवाल्याकडून मी नवा सेल आणला आणि दोन्ही सेलना मीटर लावला. जुना ०.८ व्होल्ट. नवा ३.२ व्होल्ट. नवा बसवून बटण दहा मिनिटं बंद ठेवलं. चालू केल्यावर घड्याळ माझ्या मोबाइलपेक्षा दोन सेकंद मागे होतं. मनालीचा अर्ज चार वाजून अडतीस मिनिटांनी जमा झाला.