सातव्या दिवसाचं इंजेक्शन

कन्नडहून एसटीत बसले ती डोक्यात राख घालूनच. कोकरू सोडवताना पिसाळलेल्या कुत्र्यानं मनगट फोडलं, त्याला आज सातवा दिवस. तिसरं इंजेक्शन आजच पाहिजे. आमच्याकडच्या दवाखान्यात टोचायला कुणी नाय, सगळे संपावर. संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात माझीच लेक नर्स. ती बी संपावर.

फाटकाबाहेर मांडव होता. अकरा वर्षं राबून कायम केलं नाय म्हणून बसल्या होत्या सगळ्या. माझ्या दीपमालाच्या खांद्याला काळी फीत.

"आई, आत जा," ती हळूच म्हणाली. "शिकाऊ पोरी बसवल्यात. डोस चुकवू नको."

"तुमचा संप मोडायलाच बसवल्यात ना?"

"व्हय."

"आन् तुझ्या डोळ्यांदेखत मी त्यांच्याकडं जाऊ?"

"जा म्हणते ना."

मला हे नवं नाय. एका शेतकऱ्यानं माझ्या सासऱ्यावर हात उगारला, तवा आमच्या सगळ्या मेंढरवाल्यांचं ठरलं, त्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची नाय. माझी जाऊ लक्ष्मीबाई, तिनं मात्र बसवली. तिचं पोर तापानं फणफणलं होतं, आन् दवाखान्यात न्यायला जीप त्या शेतकऱ्याकडंच होती. नऊ वर्षं झाली, तिच्या घरचा चहा मी प्याले नाय. ठरलं म्हणजे ठरलं.

तरी आत गेलेच. जीव कुणाला नको असतो?

"म्हाळसाबाई?" पोरीनं कागद वाचला. पोर नवखी, पण टोचलं झकास.

"कुणी शिकवलं गं?"

"दीपमाला मॅडमनी." तिचे डोळे भरून आले. "आलो नसतो तर परीक्षेला बसू देणार नव्हते. आजी, बाहेर कुणाला सांगू नका."

"नाय सांगत," म्हटलं.

बाहेर आले तर संपातली एक बाई वही घेऊन उभी. "मावशी, आत कोण होतं? कुणी टोचलं?"

"कुणी नाय," मी ठोकून दिलं. "खोली बंद हाय."

हे दीपमालानं ऐकलं. तिला वाटलं, माझा डोस राहिलाच. मग फीत काढून खुर्चीवर ठेवली आन् उठली.

"दीपमाला, विचार कर," कुणीतरी म्हणालं.

"आईचा सातवा दिवस आहे," एवढंच बोलून ती फाटकाकडं निघाली. स्वतःच टोचणार होती.

मी लगेच हाक मारायला पाहिजे होती. नाय मारली. लेक माझ्यासाठी उठली म्हणून छाती भरून आली होती. त्याची लाज अजून वाटते. ती फाटकाला हात लावायला गेली तवा धावले आन् दंडावरचा कापूस हळूच दाखवला.

"टोचलंय गं. बस जा."

ती परत येऊन बसली, फीत लावली. कुणी वाईट बोललं नाय. पण शेजारची बाई जरा सरकली आन् मधल्या जागेत तिनं आपली पिशवी ठेवली. दीपमाला खाली बघत राहिली. अशी पिशवी मी नऊ वर्षं ठेवली होती.

कन्नडला उतरले ती घरी गेलेच नाय. लक्ष्मीबाई भाकरी थापत होती. मला दारात बघून तिचा हात थांबला.

"दंडाला काय झालं?" तिनं विचारलं.

"सांगते," मी चुलीपाशी बसले. "आधी चहा ठेव."