एरियलवरचे बोंबील

वाढवणच्या किनाऱ्यावर त्या सकाळी होते ते असे: रेडिओसंच एक, मोर्सची कळ एक, आठ फुटी बांबू एक, बांबूवर आडव्या बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या सळ्या पाच, आणि त्या सळ्यांवर वाळत घातलेले बोंबील साठ.

यातले बोंबील सदानंदने मांडलेले नव्हते. तो पहाटेच डहाणूला, भरायला टाकलेली ट्रकची बॅटरी आणायला गेला होता. ती सायकलला बांधून परत आला तेव्हा उपग्रह उगवायला सहा मिनिटे उरली होती.

मार्च १९६५ची ही गोष्ट. हौशी रेडिओवाल्यांनी स्वतःसाठी बनवलेला एक उपग्रह तेव्हा पृथ्वीभोवती फिरत होता. खालून पाठवलेला संदेश तो वरून परत टाकी आणि शेकडो मैलांवरच्या माणसाला तो ऐकू येई. मात्र त्याची बॅटरी दोन आठवड्यांच्या वर टिकणार नव्हती. सदानंद बी.एस्सी. झालेला, परवाना नवाकोरा. तीन दिवस तो आकाशाकडे एरियल रोखून कळ बडवत होता. उत्तर एकदाही आले नव्हते.

एरियलचा बांबू त्याच्या आईचा, सोनूबाईचा. बोंबील वाळवायच्या मांडवाचा, म्हणजे वलांडीचा, तो बांबू तिने ऐन हंगामात काढून दिला होता, पण बोली करून: चौथ्या दिवशी दुपारपर्यंत वरून कुणी बोलले नाही, तर बांबू परत वलांडीला. रानशेतहून दुसरा आणायचा म्हणजे आठवडा गेला असता, आणि तोवर उपग्रह मुका झाला असता. आज चौथा दिवस होता.

“आये, हे काय गं?”

“बोंबील,” सोनूबाई म्हणाली. “तूच म्हणालास ना, तुझं यंत्र दिवसातून दोनदा, धा-धा मिन्टं चालतं. मग उरलेला दिवस बांबूनं काय हात बांधून बसायचं?”

हिशेब बरोबर होता. सदानंदने सळ्या झटकून मोकळ्या करायचे सुचवले. अर्धे सुकलेले बोंबील वाळूत पडले तर डहाणूच्या बाजारात ते तूच विकायला बसशील का, असे तिने विचारले. जबड्यात जबडा अडकवून टांगलेल्या त्या तीस जोड्या, एकेक हाताने सोडवायच्या म्हणजे अर्धा तास तरी हवा.

एरियल धरून फिरवायचे काम नारूकाकांकडे होते. ते होडीवरचे तांडेल; सुकाणू धरायचे सोडून पोराची काठी काय धरायची, असे रोज म्हणत आणि रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसत. त्यांनी बोंबलांसकट बांबू उचलला आणि नेम समुद्राकडे धरला.

“वहिनी, पोराचा उपग्रह नाही आला तरी मांजरं येतील,” ते म्हणाले.

आले ते कावळे. उपग्रह समुद्रावरून वर चढून तलासरीच्या डोंगरांकडे निघाला. सदानंद कानाला हेडफोन लावून दिशा सांगे, नारूकाका बांबू फिरवत, आणि सळी स्थिर राहत नसल्यामुळे बसता न येणारे कावळे बांबूमागोमाग आकाशभर फिरत. सोनूबाई टोपली घेऊन खालून कावळ्यांना शिव्या देत होती. त्या गदारोळात सदानंदने आपली खूण, म्हणजे परवान्यावरची अक्षरे, पाठवली, खटका फिरवला आणि ऐकू लागला.

खरखरीतून बारीक टिकटिक आली. त्यात त्याचीच खूण होती, पण ठोकणारा हात दुसऱ्याचा होता.

त्याने हात वर केला. नारूकाका जागच्या जागी थिजले, तसा एका कावळ्याने डाव साधला आणि एक जोडी नेली.

बोलणारे होते रत्नागिरीचे एक निवृत्त तारमास्तर. सदानंदचा आवाज नवापैकी पाच बळाचा येतो आहे, असे त्यांनी कळवले आणि एरियल कसले, ते विचारले. सदानंदला खोटे सांगवेना. पाच सळ्या, त्यावर बोंबील साठ, असे त्याने जसेच्या तसे ठोकले. गेलेली जोडी त्याच्या ध्यानात आली नव्हती.

पलीकडून आले: “ओले की सुके?”

“अर्धे,” सदानंदने कळवले, आणि उपग्रह डोंगराआड गेला.

आईला त्याने सगळे वाचून दाखवले.

“बोललं ना? मग बांबू तुझा,” सोनूबाई म्हणाली. “पण बोंबील तिथंच वाळतील. त्यांच्यामुळंच बोललं.”

हे सदानंदला पटण्यासारखे नव्हते, पण खोडून काढायलाही हाताशी काही नव्हते. त्याने आईच्या विनवण्या करून सगळ्या जोड्या सोडवून घेतल्या, सळ्या पुसून लख्ख केल्या आणि पुढच्या फेरीला तारमास्तरांना पुन्हा गाठले. दुसऱ्या दिवशी सकाळी पंधराच जोड्या टांगून तिसऱ्यांदा गाठले. बॅटरी दरवेळी भरलेली होती, बांबू नारूकाकांच्याच हातात होता.

अठ्ठावन्न बोंबलांसह, नवापैकी पाच. बोंबलांवाचून, तीन. तीस बोंबलांसह, चार.