लोकरीत निजवलेली कार्डं

सुनेने मागच्या खोलीची किल्ली पहिल्यांदाच माईंच्या हातात ठेवली, तीही परगावी जाणं टळेना म्हणून.

त्या खोलीत ती पिकावरच्या अळीचा बंदोबस्त करणारी माशी वाढवायची. माशी कसली, मोहरीसुद्धा तिच्यापुढे धिप्पाड! ही माशी पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. आतलं बाळ पतंगाचं अंडं पोखरून खातं, कोषात जातं आणि पंख फुटले की बाहेर पडतं. तोवर अंडी काळी पडलेली असतात. तशी काळी अंडी चिकटवलेली कार्डं सुनेने फ्रीजमध्ये ठेवली होती.

“टोमॅटोवाल्यांची पहिलीच ऑर्डर आहे, माई. मी येईपर्यंत ही लेकरं थंडीत झोपू देत.”

माईंनी मान डोलावली खरी, पण त्यांना राहवेना. लेकरं म्हणायचं आणि बर्फाशेजारी ठेवायचं? दुपारीच त्यांनी कार्डं बरणीत घातली आणि बरणी नातवाच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी स्वेटर सोडला, तर बरणीच्या काचेवर धूळ चालत होती. कार्डं आधीच खराब होती म्हणावं, असं क्षणभर मनात येऊन गेलं. मग स्वतःचाच राग आला आणि त्यांनी फोन लावला.

“माझ्या हातून घोळ झालाय गं. सगळी बाहेर आली.”

सुनेने आधी एवढंच विचारलं, “बरणीचं तोंड बांधलंय?”

“मलमलीने. त्यांना खायला मधाची रेघही ओढलीय, तू ओढतेस तशी.”

“मग आजच टोमॅटोवाल्यांच्या शेतात नेऊन सोडा, फार दिवस जगत नाहीत ती. मी त्यांना कळवते.”

बसमध्ये माई बरणी मांडीवर घेऊन बसल्या, ऊन लागू नये म्हणून पदराआड. टोमॅटोच्या ओळींत त्यांनी मलमल सोडली. धूळ पानांवर पसरली, अळीची अंडी शोधत आपल्या कामाला लागली. माईंना उगाच भरून आलं.

सून परतली तेव्हा माईंनी किल्ली पुढे केली. सुनेने त्यांची मूठ मिटवली.

“तुमच्याकडेच राहू दे. तुम्ही फोन केलात, म्हणून ती वाचली.” आणि चपला काढता काढता म्हणाली, “फक्त पुढच्या वेळी स्वेटर नको, माई.”